हिरवा वॉर्ड

नर्स पाणी पीत नाही. दिवसभर पेशंटच्या मागे "पाणी पीत जा, पाणी पीत जा" म्हणून लागणारी बाई स्वतः ड्युटीवर घोटभर पाणी पीत नाही. कारण प्यायलं की जावं लागतं, आणि जावं लागलं की वॉर्ड सोडावा लागतो. देवाळकर ट्रस्टच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डाच्या सिस्टर लोकांचा संडास खालच्या मजल्यावर, तेही एक्स-रेच्या मागे. चंद्रपूरचा उन्हाळा, बाहेर पारा पन्नासला टेकलेला, आत अर्धे कूलर नुसती गरम हवा फेकणारे. बाईनं करावं काय? तोंड कोरडं ठेवावं. लघवीची जळजळ ही या धंद्यात नोकरीच्या ऑर्डरसोबतच मिळते. त्यावर कुणी भाषण करत नाही.

भाषणं झाली ती पट्टीवर.

परिचारिका दिनाला प्रत्येकीच्या हातात एकेक गुलाब आला, केक कापला गेला, आणि अध्यक्षसाहेबांनी 'सोबती' नावाची गोल पट्टी पहिल्या सिस्टरच्या दंडावर स्वतःच्या हातानं चिकटवली. ही पहिली सिस्टर म्हणजे संघमित्रा खोब्रागडे, हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज. फोटोत ती हसते आहे. सकाळपासून पहिल्यांदाच तिला टेकायला खुर्ची मिळाली होती, त्याचं ते हसू.

पट्टीचं शास्त्र खोटं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. आराम झालेल्या माणसाचं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं किंचित बदलत असतं. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. माणूस दमला, धास्तावला, झोपेला मुकला की हा लवचिकपणा जातो आणि हृदय कवायतीतल्या शिपायासारखं एका चालीनं चालायला लागतं. पट्टी ते अंतर मोजायची. शिवाय घामातलं मीठ मोजायची, कारण अंगातलं पाणी आटलं की घाम जास्त खारट होतो. आणि त्याच घामातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर ताणाखाली सोडतं ते संप्रेरक, तेही मोजायची. या सगळ्याची गोळाबेरीज करून वॉर्डाच्या पडद्यावर त्या सिस्टरच्या नावापुढे ठिपका यायचा. हिरवा, पिवळा, लाल.

लाल झाली की तिच्या अंगठ्यानं औषधाचं कपाट उघडायचं नाही. दमलेल्या हातानं चुकीचं इंजेक्शन भरलं जातं हे काही नवीन नाही, तेव्हा कपाटाचंही काही चुकत नव्हतं. लाल सिस्टरनं चौथ्या मजल्यावरच्या 'विसावा कक्षा'त जायचं, मालिश करणाऱ्या खुर्चीत बसायचं, समोरच्या पडद्यावर धबधबा बघायचा. तिच्या जागी बदली सिस्टर येणार.

बदली सिस्टर. 'सोबती'च्या पत्रकात तिच्यावर एक अख्खा परिच्छेद होता. हॉस्पिटलात मात्र ती नव्हती. कधीच नव्हती. पडद्यावर "बदली कर्मचारी शोधत आहोत" असं यायचं आणि शेजारी एक गोल फिरत राहायचं. गोल फिरवायला माणूस लागत नाही.

*

हाडांच्या वॉर्डात पाळीला तिघी. संघमित्रा, पौर्णिमा आणि रोशनी मडावी. रोशनी धानोऱ्याकडची, वयानं सगळ्यात लहान, पाचवा महिना लागलेला. याआधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, म्हणून या वेळी ती जिना चढतानाही कठडा धरून चढायची. पट्टी लागली त्याच आठवड्यात ती दुपारच्या आत लाल झाली.

"मित्राताई, कपाट उघडून नाही राहिलं."

"मंग जा वर. धबधबा पाय."

"अन् इथलं?"

"इथलं मी अन् पौर्णिमा हाओ न. लग्नातल्या वाढप्यासारख्या पळू. जा तू."

रोशनी गेली आणि थोड्याच वेळात डोळे पुसत परत आली. "खुर्ची पाठ चेपून राहिली अन् मले खाली कोण ओरडून राहिलं तेच ऐकू येऊन राहिलं. नाही बसवत ताई." आली, पण कपाट तिला उघडेना. इंजेक्शन भरायचं पौर्णिमानं, द्यायचं रोशनीनं, आणि पौर्णिमाचा ठिपका एव्हाना पिवळा. दोनच दिवसांत वॉर्डाला कळलं की या यंत्रानं काम कमी झालेलं नाही, फक्त काम करणारे हात कमी झाले आहेत.

मग पट्टी पडली.

पंख्याखालच्या खाटेवर डोमाजी शेंडे होते. मूल गावाकडचे, वय सत्तरीचं, चारोळी तोडताना झाडावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन लटकावून ठेवलेलं, त्यामुळे हलायचं नाही. बाकी माणूस ठणठणीत. बायको उशाशी बसून ग्लास भरभरून पाणी पाजायची, दुपारी ते घोरायचे, संध्याकाळी वॉर्डभर गप्पा. त्यांच्या खाटेपाशी रोशनीची पट्टी घामानं निसटून गादीवर पडली. काही वेळानं संघमित्रानं पडद्याकडे पाहिलं तर मडावीपुढे टवटवीत हिरवा ठिपका. आणि मडावी तिच्यासमोर उभी, डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा.

शोधता शोधता पट्टी सापडली डोमाजींच्या दंडावर.

"काका, हे काय लावून घेतलं?"

"दवाईची पट्टी न. तुमी साऱ्या जणी लावून फिरता, आमाले कोणी देऊन नाही राहिलं. पडली दिसली तं घेतली लावून."

"मंग? कसं वाटते?"

"पाय कमी दुखते बाप्पा."

संघमित्रा खूप दिवसांनी पोट धरून हसली. हसता हसता तिनं रोशनीचा अंगठा कपाटावर ठेवला. कपाट उघडलं. यंत्राला घाम हवा होता, ठोके हवे होते. ते कुणाचे, हे त्यानं कधी विचारलंच नाही. नर्स आपली पट्टी दुसऱ्याच्या अंगाला लावेल, ही शंका ते बनवणाऱ्यांना आली नव्हती. नर्सच्या पाळीत ते कधी उभे राहिले असते तर आली असती.

कारण नर्सची सगळी नोकरी सांभाळून घेण्यात जाते. एकीला यायला उशीर झाला, दुसरी थांबते. एकीच्या घरी पोर तापलं, दुसरी तिच्या खाटा वाटून घेते. वरपर्यंत काही जाऊ द्यायचं नाही, आपसात मिटवायचं, ही या बायकांची रीत. हीच त्यांची ताकद आणि यातच त्यांचं वाटोळं. संघमित्रानं तक्रार केली नाही. तिनं स्वतःची पट्टी सोडवली आणि डोमाजींच्या दुसऱ्या दंडावर लावली. संध्याकाळपर्यंत पौर्णिमाचीही गेली.

"आज मी कोण आहो? मडावी सिस्टर का खोब्रागडे सिस्टर?" डोमाजी रोज सकाळी विचारायचे.

"तिघीही. नीट झोपा आता, आमची ड्युटी आहे."

ते खरोखर मन लावून झोपायचे.

*

अन्विता करंदीकर ट्रस्टची वेलनेस ऑफिसर. पुण्याहून आलेली, मानसशास्त्र शिकलेली, मनानं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं, शिवी तरी देता आली असती. महिना सरला तशी ती हातात फ्रेम घेऊन वॉर्डात आली. 'सर्वाधिक आनंदी वॉर्ड.'

"सिस्टर, सगळ्या ट्रस्टमध्ये तुमच्या टीमचा ताण सगळ्यात कमी आहे. पाण्याचं प्रमाण तर अगदी आदर्श. काय करता तरी काय तुम्ही?"

"काही नाही मॅडम. पडून राहतो," पौर्णिमा म्हणाली.

अन्विता मनापासून हसली. पुढच्या सोमवारी आदेश आला. हाडांच्या वॉर्डात क्षमता शिल्लक दिसते, सबब पौर्णिमा रायपुरे यांना अतिदक्षता विभागात हलवण्यात येत आहे. शिवाय व्हरांड्यात सहा खाटा वाढवण्यात येत आहेत.

संघमित्रा तणतणत वर गेली. "आधीच मरून राहिलो आम्ही, त्यात एक उचलली?"

अन्वितानं पडदा तिच्याकडे वळवला. महिनाभराची हिरवी रेघ, कुठे खड्डा नाही, उंचवटा नाही. "सिस्टर, मी तुमच्या बाजूचीच आहे हो. पण मी साहेबांना सांगू काय? हे तुमच्याच शरीराचे आकडे आहेत."

ती रेघ संघमित्रानंच ओढली होती. ती खाली आली आणि व्हरांड्यातल्या खाटांवर चादरी घालायला लागली.

*

मग रोशनीला थंडी वाजून ताप आला. कंबरेच्या वर, एका बाजूला, ठणका. हॉस्पिटलातल्याच बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि जरा रागावून सांगितलं, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय, पाणी पीत नाहीस तू, गोळ्या घे आणि आडवी पड. पडली नाहीस तर वेळेआधी कळा सुटतील आणि या महिन्यात बाळ बाहेर आलं तर जगायचं नाही. एवढं स्पष्ट.

रोशनीनं आजारपणाची रजा टाकली. अर्ज नामंजूर होऊन परत आला. आजारी रजेला आता पट्टीचा आधार लागायचा, आणि मडावीची पट्टी सांगत होती की या बाईइतकं धडधाकट माणूस जिल्ह्यात नाही. "डॉक्टरांचा सल्ला नोंदवला आहे, तथापि प्रत्यक्ष निरीक्षणाशी तो जुळत नाही." असं त्यावर लिहिलं होतं. तथापि. या एका शब्दानं माणसं मरतात.

"उद्यापासून माझी पट्टी मी माझ्याच अंगाले लावतो ताई," रोशनी म्हणाली. "लाल तं लाल."

"एका दिवसाच्या लालनं काय होते? ते म्हणतील पट्टी बिघडली, दुसरी देतील. थांब, मीच जातो."

संघमित्रानं अन्विताला सगळं सांगितलं. डोमाजींसकट. नोकरी जाईल, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल, हे धरूनच ती गेली होती. तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल.

अन्विता उठली, दार लावून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"वॉर्डाला."

"सिस्टर, गुरुवारी 'निरोगी कार्यस्थळ' प्रमाणपत्राची टीम येतेय. साहेबांनी अर्जात तुमचाच वॉर्ड दाखवलाय." ती अध्यक्षसाहेबांना भेटून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं पाठ केल्यासारखं. "साहेब म्हणाले, रोशनीला घरी पाठवा. माणुसकी म्हणून. रजेची नोंद नको. फक्त तिची पट्टी वॉर्डातच राहू द्या."

"म्हणजे काकांच्या अंगावर?"

"आणि त्यांचा डिस्चार्ज गुरुवारनंतर करा म्हणाले."

"त्यांच्या पायाचं वजन काल उतरवलं मॅडम. त्यांना घरी जायचंय."

अन्विता खुर्चीत बसली. "मी काय करू, सिस्टर? तुम्हीच सांगा."

पाप लपवायला गेलेल्याला लोक पकडतात. पाप कबूल करायला गेलेल्याला हे लोक म्हणतात, चालू ठेवा. पण रोशनीला आडवं पडायला मिळत होतं आणि या घडीला तेवढंच महत्त्वाचं होतं. तिनं मान हलवली.

डोमाजींना ती म्हणाली, "काका, गुरुवारपर्यंत राहा."

"काहून? बरा नाही झालो का?"

"तुम्ही झाले. आम्ही नाही झालो."

आता वॉर्डात खरी नर्स एकच होती आणि डोमाजींच्या अंगावर दोन. पडदा म्हणायचा, मनुष्यबळ पूर्ण.

*

गुरुवारी दुपारचे डोस आटोपले आणि वॉर्डातला फोन वाजला. खालून, नोंदणीच्या खिडकीवरून.

"मॅडम, मडावी सिस्टर तुमच्याकडंच आहे न?"

"कोण विचारते?"

"इथं एक बाई आहे स्ट्रेचरवर. कळा येऊन राहिल्या तिले. नवरा म्हणते हेच मडावी सिस्टर. मी नाव टाकलं तं कॉम्प्युटर नंबरच नाही देऊन राहिला. म्हणते हे कर्मचारी ड्युटीवर आहे, तब्येत उत्तम."

"अरे, तू ओळखत नाहीस का तिले? रोज तुह्यासमोरून जाते ते."

"मी ओळखतो वो मॅडम. पण मायाजवळ नंबर निघाला पाहिजे न. नंबर नाही तं फाइल नाही, फाइल नाही तं दवाई नाही."

संघमित्रानं शिकाऊ डॉक्टरला दंडाला धरून वॉर्डाच्या मध्ये उभं केलं, हलू नको म्हणाली, आणि डोमाजींच्या खाटेशी आली. त्यांच्या डाव्या दंडावरची पट्टी तिनं खसकन ओढली. केस उपटले गेले.

"काय झालं सिस्टर?"

"मडावी सिस्टर खाली आहे. तिले तिची पट्टी पाहिजे."

म्हाताऱ्याला बाकी काही सांगावं लागलं नाही. त्यानं उजवा दंडही पुढे केला. "मंग हेही घेऊन जा. मले आता मीच होऊ द्या."

जिना उतरताना तिनं स्वतःची पट्टी स्वतःच्या दंडावर दाबली. खाली रोशनी कुशीवर, गुडघे पोटाशी, नवरा तिच्या डोक्यावर ओला रुमाल धरून. तापानं अंग भाजत होतं. संघमित्रानं तिचा दंड पुसला, पट्टी लावली आणि खिडकीतल्या पडद्याकडे बघत उभी राहिली. यंत्राला नव्या अंगाची खात्री पटायला वेळ लागतो. ठोके गोळा करतं, घाम चाखतं. त्या वेळात रोशनीला दोनदा कळ आली. तिनं संघमित्राचा हात असा धरला की नखं रुतली.

"जाते का ताई हेही?"

"नाही जात. श्वास घे. मायाकडे पाय."

पडद्यावर हिरवा पिवळा झाला आणि पिवळा थेट लाल. मशीन बोंबललं. 'कर्मचारी गंभीर. तातडीनं दाखल करा.' नंबर निघाला. ज्या बाईला खिडकीतला माणूस रोज रामराम करायचा, ती आता आजारी असल्याचं ट्रस्टला कळलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. सलाईन लागलं, अँटिबायोटिक गेलं, कळा थांबवायचं औषध गेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी पोटावरून यंत्र फिरवलं आणि बाळाच्या ठोक्यांचा तो घोडा दौडल्यासारखा आवाज खोलीभर झाला. "आहे," त्या म्हणाल्या. "आता हिला इथून कुणी हलवायचं नाही. आणि रजा मी लिहिते, बघू कोण तथापि म्हणतो ते."

*

संघमित्रा वर पोचली तेव्हा प्रमाणपत्राची टीम वॉर्डात उभी होती. दोन पुरुष, एक बाई, मागे अन्विता. पडद्यावर खोब्रागडे लाल, मडावी लाल. औषधाच्या कपाटावरचा दिवाही लाल. डोमाजी खाटेवर बसून बायकोकडून सामान बांधून घेत होते.

टीमच्या प्रमुखानं चष्मा वर केला, पडदा नीट वाचला, संघमित्राला अंगठा ठेवायला सांगितलं. कपाट उघडलं नाही. त्याचा चेहरा खुलला. "वा. थकवा अचूक ओळखला, औषधं तत्काळ बंद. यंत्रणा चोख आहे. करंदीकर मॅडम, अभिनंदन." आणि त्यानं कागदावर बरोबरची खूण केली.

संघमित्रानं आयुष्यात रागाचे झटके पुष्कळ गिळले होते. हा नाही गिळला गेला.

"साहेब, पुढची पायरीपण बघून जा. लाल सिस्टरनं वॉर्ड सोडायचा असतो. ट्रस्टच्याच पत्रकात आहे. पण ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पेशंट दुसरीच्या ताब्यात दिल्याशिवाय, नर्स वॉर्ड सोडत नाही. ओव्हर कोण घेते?"

"बदली कर्मचारी—"

"ते गोल फिरून राहिलं पडद्यावर. ते सोडून बोला."

शिकाऊ डॉक्टरनं बुटांकडे पाहिलं.

"अन्विता मॅडम, तुम्ही घ्या."

"सिस्टर, मी... मला यातलं काही येत नाही." मग जवळ येऊन, अगदी हळू, "असं करू नका. तुमचं रजिस्ट्रेशन जाईल."

"जाऊ द्या. आधी बेड नंबर एक घ्या."

आणि तिनं ओव्हर दिली. आवाज न चढवता, रोज देते तशी, खाटेपाशी थांबून. एक नंबर, खुब्याचं ऑपरेशन, दर दोन तासांनी कूस बदलायची, एकटीनं होत नाही, दोघी लागतात. दोन नंबर, साखर तपासायची, जेवणाआधी इन्सुलिन. तीन नंबर रात्री झोपत नाही, हात धरला तर झोपतो. चार नंबरची लघवीची पिशवी भरली की रिकामी करायची, मोजून. अन्विता प्रत्येक खाटेपाशी तिच्यामागे थांबत होती. टीममधली बाई आधी लिहून घेत होती, मग तिनं लिहिणं सोडून दिलं आणि नुसती ऐकत चालू लागली. "हे सगळं एकीनं?" तिनं विचारलं. संघमित्रा पुढे निघाली होती. व्हरांड्यातल्या खाटा अजून राहिल्या होत्या.

शेवटची खाट झाली तेव्हा तिनं ड्रेसिंगची ट्रॉली अन्विताच्या हाताशी ढकलली. "डॉक्टर आहेत. मी दाराबाहेर बाकावर आहे, कुणाचा जीव घाबरला तर हाक मारा. बाकी तुमचं."

दार तिच्यामागे हललं आणि थांबलं. वॉर्डात कूलरचा आवाज तेवढा राहिला. टीमच्या प्रमुखानं पेनाला टोपण लावलं आणि ते कुठल्या खिशात ठेवायचं हे त्याला सुचेना.

व्हरांड्याच्या कोपऱ्यातून एक म्हातारा, प्लास्टरातला पाय धरून, कण्हला.

"सिस्टर. ओ सिस्टर. भांडं द्या न लवकर."

अन्वितानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.